जाळीतलं काळीज

टायफॉइडनंतर रामकिसनच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. पडेगावच्या घरी तो बारा दिवस पेजेवर होता. डॉक्टर म्हणाले, काय वाटेल ते द्या, पण पोटात जाऊ द्या. त्यावर त्यानं एकच मागितलं, आई करायची तसं जाळीतलं काळीज.

आईला जाऊन तीस वर्षं झाली होती. ते करणारी आता त्याची धाकटी बहीण, गारखेड्याची चंपाबाई, एवढीच उरली होती. बकऱ्याच्या पोटात आतड्यांवर चरबीची पातळ जाळी असते, विरलेल्या ओढणीसारखी. ठेचा लावलेले काळजाचे तुकडे तिच्यात गुंडाळायचे आणि मंद आचेवर तव्यात ठेवायचे. तेलाचा थेंब लागत नाही, जाळीच विरघळून काळजात मुरते. पूर्वी खाटीक ती फुकट द्यायचा. आता चंपाबाईला आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागली. एका बकऱ्याची एकच जाळी.

पडेगावला पोचल्यावर ती घटकाभर भावापाशी टेकली. तेवढ्यात सुलेखानं, रामकिसनच्या सुनेनं, आजारी माणसाचं खाणं म्हणून जाळी उकळत्या पाण्यात धुतली. चंपाबाई आत आली तेव्हा जाळीचा लिंबाएवढा बोळा झाला होता.

सुलेखा रडकुंडीला आली. थंड पाणी घे म्हणून मीच सांगायला हवं होतं, एवढंच चंपाबाई बोलली. बोळा तव्यावर टाकून तिनं काळीज त्यातच परतलं आणि काढून ठेवलं. तव्यात राहिलेल्या चरबीत लसूण-मीठ घातलं आणि ज्वारीच्या भाकरीच्या दोन्ही अंगांनी तवा पुसून घेतला.

रामकिसननं काळीज चाखलं आणि बाजूला सारलं. "हे ते नाय."

मग भाकरीचा तुकडा मोडला. चावत राहिला. आणखी एक मोडला.

"हे काय हाय, चंपे? आईनं हे कधी केलं नाय."

"दर खेपेला करायची. जाळीतले तुकडे तुला नि बापाला. तुम्ही उठल्यावर आम्हा पोरींना तवा पुसलेली भाकर."

भाकरी संपल्यावर त्यानं सुनेला आणखी अर्धी आणायला सांगितली.

चंपाबाईनं त्याच्या ताटातलं काळीज आपल्याकडं ओढलं. अजून गरम होतं.