माझ्या मालकिणीचा जन्म याच महिन्यातला

मी टॅब बोलतोय. कीबोर्डच्या डाव्या कडेला असतो तो. माझ्यावर अक्षर नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही असं समजा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना एकेक अक्षर मिळालं, माझ्या कपाळी दोन बाण. काम एकच, एका चौकटीतून पुढच्या चौकटीत ढकलायचं.

डोळस लोकांच्या घरी माझ्यावर धूळ बसते. त्यांना माउस लागतो, म्हणजे उंदीर. स्वयंपाकघरात उंदीर दिसला की स्टुलावर चढतात, टेबलावरचा मात्र दिवसभर कुरवाळतात. हुशार लोक!

माझी मालकीण जन्मापासून आंधळी. हॉस्पिटलात फोन जोडते, चोवीस वर्षं झाली. घरी कॉम्प्युटरमधला आवाज तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि मी तिला पुढे नेतो. तिच्या बोटाने माझे दोन्ही बाण कधीच पुसले गेलेत.

तर एका ग्रंथालयाला बोलत्या पुस्तकांच्या विभागासाठी प्रमुख हवा होता. जागा अंधांसाठी राखीव. अर्ज फक्त वेबसाइटवर, शुक्रवारी पाचपर्यंत. मागच्या वेळी असाच अर्ज धाकट्या भावाने भरून दिला होता. प्रेमाने हं. मोबाइल नंबर मात्र स्वतःचा टाकला. मुलाखतीचा फोन त्यालाच आला. ताईला सांगायची आठवण झाली तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस उलटले होते.

यंदाही आलाच. "ताई, दोन मिनिटांचं काम आहे गं. सरक."

"तुझी दोन मिनिटं मला फार महागात पडतात. तू चहा टाक."

बुधवारी आम्ही बसलो. वेबसाइटच्या माथ्यावर चाकाच्या खुर्चीचं चित्र आणि 'ही वेबसाइट सर्वांसाठी सुलभ आहे' अशी पाटी, हे भावाने सांगितलं म्हणून कळलं. आवाजाने नुसतं "चित्र" एवढंच वाचलं. ती सुलभतेची पाटीही चित्रातच! वा रे सुलभ!

जन्मतारखेपाशी गाडं अडलं. कॅलेंडर उघडलं, चालू महिन्याचं. वर्षावर उंदराने टिचकी मारली तर जुनी वर्षं उघडतात म्हणे. मला तिथे पाऊल ठेवायला बंदी. मी एक तारखेपासून तीसपर्यंत जायचो आणि परत एकवर यायचो. बाहेर पडायला दार नाही. म्हणजे एक्कावन्न वर्षांच्या बाईने याच महिन्यात जन्म घ्यायचा आणि शुक्रवारी पाचच्या आत नोकरीला अर्ज करायचा. बाळसं धरायलाही सवड नाही!

तिने ग्रंथालयाला फोन लावला. तिघांनी टोलवलं, चौथा वेबसाइट बनवणारा सापडला.

"आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय, मॅडम."

"माउस ड्रॉवरमध्ये ठेवा."

"काय?"

"ठेवलात? आता टॅब दाबत दाबत जन्मतारखेपर्यंत या. मी लाइनवर आहे."

पलीकडे माझा कुणी भाऊबंद खटखटायला लागला. आवाजावरून कोराच वाटला, कुणी बोट न लावलेला.

"अठ्ठावीस, एकोणतीस, तीस... परत एक? मॅडम, यातून बाहेर कसं पडायचं हो?"

"तेच विचारायला मी फोन केलाय."

त्याने आणखी एक फेरी मारून पाहिली. मग म्हणाला, "बघतो."

"कधी?"

"उद्या."

"उद्या अकराला मी फोन करते. तोवर ड्रॉवर उघडू नका."

गुरुवारी तिने तीनदा फोन केला. शुक्रवारी दुपारी तीनला जन्मतारखेची साधी चौकट आली, तारीख टाइप करायची. वयाची पन्नाशी ओलांडलेली बाई जन्मसाल इतक्या जोरात बडवताना मी पहिल्यांदाच पाहिली. मोबाइलच्या चौकटीत तिने स्वतःचा नंबर टाकला आणि दोनदा वाचून घेतला. चार वाजून दहा मिनिटांनी आवाज म्हणाला, "अर्ज मिळाला." माथ्यावरचं चित्र अजून "चित्र"च आहे. असू दे. वेबसाइटवाल्याला रोज अकराचा फोन तिने बंद केलेला नाही.

आता माझी स्प्रिंग ढिली झालीय, दाबलं की कण्हतो. भावाने नवा कीबोर्ड आणून ठेवलाय, खोक्यासकट. वेबसाइटवाल्यांनो, मी तुमच्याही टेबलावर आहे, तुमच्या डाव्या करंगळीपासून बोटभर अंतरावर. एक दिवस उंदीर ड्रॉवरमध्ये कोंडा आणि तुम्हीच बांधलेल्या वेबसाइटच्या घरात माझं बोट धरून फिरून बघा. पुढच्या दारातून बाहेर पडलात तर मला शिव्या घाला.

मालकिणीचा मोबाइल सध्या माझ्या शेजारीच पडलेला असतो. भाऊ रोज विचारतो, "आला का गं फोन?"

"आला की मला कळेल," ती म्हणते. "नंबर माझा आहे."