सुरासाठी वाढवलेली नखे

सकाळी पहिला कान समोर आला की त्याचा दिवस नासे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी कानाची मशीन विकणाऱ्या दुकानात, मशीन नीट बसावे म्हणून तो कानाचे साचे घेण्याचे काम करी. गिऱ्हाइकाच्या कानात मऊ लगदा भरायचा आणि तो घट्ट झाला की अलगद ओढून काढायचा. लगद्याला चिकटून जे बाहेर येई, पिवळे, तपकिरी, कधी केसाळ, त्याकडे पाहून “छान आला हं साचा” असे हसून म्हणावे लागे. पगार खरे तर त्या हसण्याचाच होता.

संध्याकाळी मात्र तो संगीताच्या मास्तरांच्या खोलीत मांडीवर युकुलेले घेऊन बसे. मास्तर गिटार वाजवत, आणि त्यांनी एकदा सहज छेडलेली फ्लॅमेंको या स्पॅनिश संगीताची सुरावट ऐकून याच्या जिवाला जे लागले ते लागलेच. चार तारांच्या त्या पोरसवदा वाद्यावर तीच सुरावट त्याला हवी होती. दुसरी तार मोकळी, मग तिचा पहिला पडदा, मग मधले दोन गाळून एकदम चौथा. तिथून पहिल्या तारेवर चढायचे. पहिल्या आणि चौथ्या पडद्यामध्ये जी दरी पडे, तिच्यात त्याला आपले आजवरचे सारे न बोललेले ऐकू येई. एवढी एक सुरावट स्वच्छ वाजवता आली की जगाकडून त्याला दुसरे काही नको होते.

मास्तरांच्या उजव्या हाताची नखे लांब होती, तारा छेडण्यासाठी वाढवून घासून गोल केलेली. मुखदुर्बळ माणूस विचारत नाही, पाहून घेतो. त्यानेही वाढवली.

“भावोजी, लाल आणू की गुलाबी?” जेवताना वहिनीने विचारले.

“हसू नकोस,” दादा म्हणाला, “एखाद्या दिवशी गळ्याला नख लावेल आपल्या.”

त्याने मान खाली घालून जेवण संपवले. घरातले हसणे सोसता येते. पण दुकानात एका आजींनी आपल्या कानाकडे येणारा त्याचा हात पाहिला आणि खुर्चीसकट मागे सरकल्या.

“शी! हा हात घालणार तू माझ्या कानात?”

इतकी वर्षे तो लोकांच्या कानांची किळस गिळत आला होता. आपलीही कुणाला किळस येऊ शकते हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते. मालकीणबाईंनी त्याला बाजूला घेतले.

“नखं काप, नाहीतर मागच्या खोलीत बस.”

मागच्या खोलीत वापरलेली मशीन साफ होत. लोकांच्या कानांतला मळ त्यांच्या बारीक नळ्यांत जाऊन सुकलेला असे. त्या खोलीत आजवर कुणी टिकले नव्हते.

“मागे बसतो,” तो म्हणाला.

“नख ते नख, वर नखरे!” मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. “बस मग मळ उकरत.”

खोलीला खिडकी नव्हती. आंबूस, तेलकट वास कपड्यांत शिरे आणि घरी येई. हातमोजे नखांपाशी फाटत. ब्रश नळीच्या तोंडाशीच अडे. एका दुपारी कंटाळून त्याने अंगठ्याचे नख आत घातले. ते असे चपखल बसले, जणू त्याच्यासाठीच वाढले होते. मळाचा गोळा सुटून टेबलावर पडला आणि त्याला उमासा आला. तरी दुसऱ्या मशीनलाही त्याने तेच केले, आणि मग सगळ्यांनाच. रोज तो साबणाने हात चोळचोळून धुई, पण नाकापाशी नेलेला अंगठा खोटे बोलत नसे. सर्वांत ओंगळ गोष्ट अशी की नखांना हळूहळू एक सुंदर चकाकी चढली.

त्या आठवड्यात सुरावट जवळजवळ जमली. मास्तर खूश झाले.

“हात बघू. अरे वा! माझ्याहून गुळगुळीत. काय लावतोस रे?”

नखाची कड कुठे खरखरते का, हे मास्तर नेहमी ओठावर फिरवून पाहत. स्वतःचे नख पाहावे तितक्या सहज त्यांनी त्याचा अंगठा उचलला आणि खालच्या ओठावरून फिरवला.

“मास्तर, नको!” त्याने हात हिसकला.

“का रे? किळस येते म्हाताऱ्याची?”

“तुमची नाही. माझी.” मग एका दमात, “या नखानं मी मशीनमधला मळ काढतो. कानातला.”

मास्तरांचा हात ओठाकडे गेला. “कुणाच्या कानातला?”

“सगळ्यांच्याच.”

मास्तर बेसिनकडे धावले. साबणाने ओठ घासू लागले, थुंकू लागले.

“शी शी शी! गाढवा, आधी बोलायला तोंड नव्हतं? कापायची की ती!”

“पण नखांशिवाय ही सुरावट...”

“कुणी सांगितलं?”

“तुमची आहेत म्हणून...”

“माझी गिटार आहे, बाबा! तुझ्या त्या खेळण्याला बोटाचं मांस पुरतं. विचारलंस कधी?”

त्याने विचारले नव्हते. एक प्रश्न विचारायचे टाळण्यासाठी तो स्वतःच्या पायांनी त्या खोलीत जाऊन बसला होता. मास्तरांनी भिरकावलेले नेलकटर घेऊन त्याने एकेक नख कापले. वर्तमानपत्रावर पडलेले ते पिवळसर तुकडे पाहून त्याला पुन्हा किळस आली, आणि या वेळी दोष द्यायला परका कान नव्हता. उद्या मालकीणबाई ही उघडी बोटे पाहणार होत्या आणि विचारणार होत्या, मग इतके दिवस कशासाठी?

त्याने वाद्य उचलले. मोकळी तार, पहिला पडदा, चौथा. मांसल बोटाखालचा सूर जाड आणि उबदार निघाला. दरी ओलांडून तो वर चढला, सातव्या पडद्यावर टेकला, तसाच उतरला. कुठेही अडखळला नाही. इतके दिवस जपलेला तो क्षण आला तो गुळण्यांच्या खळखळाटात, साबणाच्या वासात आणि स्वतःविषयीच्या शिसारीत. बोटे थांबली.

मास्तर फेसाळल्या तोंडाने बेसिनवरूनच ओरडले, “थांबलास कशाला, मेल्या? तोंडाची चव गेलीच आहे, निदान कानाला तरी बरं वाटू दे!”