बिनदेवाचा समुद्र

मला समुद्र बघायचा होता, एवढंच. त्यात देव नव्हता, दवाखाना नव्हता, लग्न नव्हतं की मयत नव्हती. आमच्या करडीत बाईमाणसाला गावाबाहेर पडायला या चारांपैकी एक कारण लागतं. पाचवं अजून कोणी काढलेलं नाही. ते मी काढायचं ठरवलं, आणि तिथूनच सगळ्यांची डोकी फिरली.

एकतीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. दर दोन वर्षांनी भिंत रंगवायची, त्यात एका कोपऱ्यात समुद्र काढायचा. मी काढायची. निळं पाणी, वर सूर्य, आणि चारही बाजूंनी नीट मातीची पाळ, जशी आमच्या तलावाला असते तशी. पाणी आहे म्हणजे पाळ असणारच, ती नसेल तर पाणी थांबेल कसं, असं माझं साधं डोकं. कितीतरी पोरं ती पाळ बघून पहिलीत गेली. एकदा तपासणीला आलेल्या मॅडम हसत सुटल्या, म्हणाल्या, बाई, समुद्राला पाळ नसते. मी सगळ्यांसमोर लाल झाले. पुढे पाळ खोडली, पण बिनपाळीचं पाणी कसं दिसत असेल ते काही डोळ्यांपुढे येईना. निवृत्त झाले त्याच आठवड्यात मी सुनेला सांगितलं, हर्षा, मला समुद्र दाखव, फोनमध्ये नको.

हर्षा हुशार पोरगी. प्रफुल्ल, म्हणजे माझा मुलगा, वरठीला कारखान्यात जातो. तो ड्यूटीवर गेला की आम्ही दोघी फोन घेऊन बसायचो. मी अटी घातल्या. गर्दी नको, कणसं-भेळ नको, उंट-घोडे नकोत, वाळूत कचरा नको. शेवटी कोकणात एक गाव सापडलं. गावाचं नाव मी सांगणार नाही, नाहीतर तिथंही आपली माणसं पोचतील. तिथल्या एका बाईकडे दोन खोल्या भाड्याने मिळतात. हर्षाने फोन लावला तर ती बाई प्रामाणिकपणे म्हणाली की आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही हो, नुसती वाळू आणि पाणी. मी म्हटलं, खोली पक्की करा.

महिना पौष निवडला. पौषात लग्नं नसतात, धान चुरून, म्हणजे मळून, घरात आलेलं असतं आणि उन्हाळी धानाच्या रोवण्याला अवकाश असतो. म्हणजे कोणाला काही अडवायला जागा नव्हती. सोबतीला शकुंतलाबाई. ती माझ्या अंगणवाडीत मदतनीस होती. वीस वर्षं आम्ही एका कढईतली खिचडी ढवळली. हर्षाने दोघींची तिकिटं काढली आणि मग मी नवऱ्याला सांगितलं.

भोजराज माणूस वाईट नाही. त्यांनी धानाचं पोतं शिवता शिवता विचारलं की तिथं कोणता देव आहे. मी म्हटलं, कोणताच नाही. सुई थांबली.

"मंग जातेस कायले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण मी तोंड उघडायच्या आत शकुंतलाबाईने घात केला. ती बिचारी ओसरीवर तांदूळ निवडत होती, तिला वाटलं आता भांडण होणार. ती म्हणाली की भाऊजी, बाईचा नवस आहे न, प्रफुल्ल लहानपणी काविळीने पडला होता तेव्हाचा, समुद्राकाठच्या देवीचा, फेडायचा राहून गेला. भोजराजचा चेहरा लगेच मऊ झाला. नवस बाकी ठेवणं चांगलं नाही, म्हणाले, जाऊन ये. पोतं पुन्हा शिवायला घेतलं.

मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. वाटलं, सुटलो एकदाचे, देवीच्या नावावर तर देवीच्या नावावर. ही माझी चूक, आणि ती मी कोणाच्या पदरात घालत नाही.

कारण आमच्याकडे एक रीत आहे. गावातलं कोणी लांबच्या देवाला निघालं की ज्याला जाता येत नाही तो आपला नारळ त्याच्या हाती देतो. नारळाला हळदकुंकू लावायचं, मनातलं मागणं बोलायचं आणि द्यायचा. नेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिला नारळ आला. आठवडा संपेपर्यंत माझ्या धानाच्या खोलीत त्रेचाळीस नारळ झाले. कोणाला नोकरी पाहिजे, कोणाची बोअर आटली, कोणाच्या जावयाची दारू सुटत नाही. एकाने तर जमिनीच्या खटल्याच्या तारखेचा कागद नारळाला बांधून दिला.

मग आला केवळराम. हा माझा चुलत दीर. गावात काहीही होणार असेल तर ते याच्या हातून झालं पाहिजे. त्याने देवीला नावही ठेवून टाकलं, सागरदेवी. तिसऱ्या दिवशी तिचे दोन चमत्कारही गावात फिरायला लागले. केवळराम म्हणाला, दोन बायांनी एकटं कायले जायचं, गाडी करू. सतरा जणांची गाडी ठरली. मग वाटेत येणारे देव जोडले गेले. मग एक आचारी, एक सिलेंडर, आणि भजनासाठी एक भोंगा. परत आल्यावर गंगापूजन करून गावजेवण घालायचं तेही ठरलं. मी विचारलं, समुद्रावर किती वेळ? केवळरामने कागद पाहिला आणि म्हणाला, एक तास ठेवला आहे वहिनी, फोटो काढाले पुरते.

एक तास! मी घरी येऊन हर्षावर उगाच ओरडले. ती बिचारी म्हणाली, आई, अजून वेळ गेली नाही, सांगून टाका. मी म्हटलं, आता कोणत्या तोंडाने सांगू. मनात म्हटलं, जाऊ दे, तासभर तर तासभर. खरं सांगते, मी हार मानलीच होती.

त्या दिवशी संध्याकाळी चंद्रभागाबाई आल्या. आमच्यापासून चार घरं सोडून राहतात, सत्तरीच्या आहेत, फार बोलत नाहीत. त्यांची धाकटी रक्षा माझ्याच अंगणवाडीतली, लग्न करून पवनीकडे आसगावला दिली. सहा वर्षं झाली, मूल नाही. तीनदा दिवस राहिले, तीनदा गेले. तेव्हापासून सासरच्यांनी आणि माहेरच्यांनीही तिला कुठं कुठं नेलं नाही? गळ्यात ताईत, दंडात गंडे, सोमवार, शुक्रवार, अनवाणी फेऱ्या. आता थंडीपुरती माहेरी आली होती. चंद्रभागाबाईंनी पिवळ्या फडक्यात बांधलेला नारळ माझ्या हातात ठेवला आणि हात सोडलाच नाही.

"बाई, तुमची देवी पावते न?"

मी नारळ पदरात घेतला, त्यालाच त्यांनी होकार धरला. त्या गेल्या. मी तो नारळ घेऊन धानाच्या खोलीत बसले आणि मला स्वतःची अशी चीड आली की काय सांगू. नोकरीवाला, बोअरवाला, तारखेवाला, यांचं एक वेळ सोडा. पण या म्हातारीला मी नसलेल्या देवीची आशा लावली होती. उद्या काही झालं नाही तर ती म्हणेल, पोरीच्या नशिबातच नाही, एवढी सागरदेवीसुद्धा पावली नाही. आणि रक्षाच्या अंगावर आणखी एक उपास चढेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. केवळरामने गाडीत कोण कुठं बसणार ते ठरवायला मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावलं होतं. मी आणि हर्षाने नारळ तीन पोत्यांत भरले आणि हातगाडीवरून पारावर नेले. लोकांना वाटलं, पूजेला आणले. मी एकेकाचं नाव घेऊन ज्याचा त्याचा नारळ हातात द्यायला लागले. पाच-सहा दिल्यावर कुजबुज सुरू झाली. केवळराम उठला, म्हणाला, वहिनी हे काय करून राहिल्या.

"देवी नाही," मी म्हटलं. "नवसही नाही. आम्ही खोटं सांगतलं. मले समुद्र पाहाचा आहे, म्हणून मी जाऊन राहिली. ज्यानं त्यानं आपला नारळ घेऊन जा."

मग केवळराम म्हणाला की देवाच्या नावानं खोटं बोलता, लाज नाही वाटत? वाटते, मी म्हटलं, म्हणूनच परत करते आहे. तुम्ही तिचे चमत्कार सांगितलेत, तुम्हाला वाटते का तेवढं सांगा. दोन-तीन बाया पदराआड हसल्या. केवळराम आपल्या कागदाची घडी घालायला लागला.

भोजराज मागे उभे होते. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. चारचौघांत नवऱ्याची मान खाली गेली, याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं. पण ते पुढे आले आणि म्हणाले, झालं न आता, चाल घरी, कुठं जायचं नाही. तेव्हा मात्र वाईट वाटणं बाजूला राहिलं.

मी म्हटलं, "पाप नारळाचं होतं, ते मी फेडलं. समुद्र पाहाची इच्छा पाप नाही. तिकीट माह्या नावाचं आहे, मी जाईन."

आणि पुढचा नारळ उचलला. त्रेचाळीस संपेपर्यंत हात थांबवला नाही. काहींनी घेतला, काहींनी माझ्याकडे न बघता घेतला, जावयाची दारूवाली मात्र म्हणाली की बाई, नेऊनच टाका, समुद्रात टाकला तरी चालते. मी तिलाही परत दिला. शकुंतलाबाईला तिच्या मुलाने तिथूनच हाताला धरून घरी नेलं. जाताना ती रडत होती. तिची सोबत गेली ते मला तेव्हाच कळलं.

चंद्रभागाबाई पारावर आल्या नव्हत्या. चव्वेचाळिसावा नारळ घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्या अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी काही लपवलं नाही, अगदी पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्यांनी फडकं सोडलं, नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि उंबऱ्याजवळच्या दगडावर आपटला. पाणी अंगणात सांडलं. अर्धी कवड मला दिली.

"आम्ही चार वर्षं पोरीले दारोदार फिरवलो," त्या म्हणाल्या. "जिथं गेलो तिथं काही न काही मागतच बसलो. तुम्ही जाता तिथं काही मागा लागते का?"

"नाही."

"मंग हिले घेऊन जा."

रक्षा दारात उभी होती. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. हडकली होती पोरगी. दोन्ही दंडांवर गंडे होते. आईकडे तिने पाहिलंच नाही. मला म्हणाली, "बाई, तिथं मले कोणी विचारन का, लग्नाले किती वर्षं झाले म्हणून?"

मी म्हटलं की तिथं आपल्याला कोणी ओळखतच नाही. खोलीवाली बाई फक्त विचारेल, भात खाल की भाकरी.

तिने दंडावरचा एक गंडा बोटाने फिरवला. मग म्हणाली, येते. पण ओटी भरायची नाही, वाटेत कोणत्या देवळाशी उतरायचं नाही, आणि वाळूत मला एकटीला बसू द्यायचं. माझ्यापेक्षा तिच्या अटी कडक होत्या. मी सगळ्या मान्य केल्या.

हर्षाने त्याच दिवशी तिसरं तिकीट काढलं. केवळरामची गाडी सोळा जण घेऊन देवांना जाणार आहे, भोंग्यासह. माझी जागा त्याने भोजराजला दिली, पण ते काही हो म्हणत नाहीत. माझ्याशी त्यांचा अबोला आहे. जेवतात मात्र दोन्ही वेळा, आणि काल न बोलता माझ्या पिशवीची तुटलेली चेन सुईदोऱ्याने शिवून ठेवली. मलाही एवढ्यात बोलायचं नव्हतं.

काल दुपारी रक्षा बॅग भरायला काय काय लागेल ते विचारायला आली होती, तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, धनंजयचा, आसगावहून फोन आला. गावात बातम्या पोचायला किती वेळ लागतो. मी उठून आत जायला निघाले तर तिने माझा हात धरून बसवलं आणि फोन मोठ्या आवाजावर केला. तो रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. त्याने विचारलं की कोणाले विचारून चालली. रक्षाने माझ्याकडे पाहिलं, पण उत्तर तिने माझ्याकडे मागितलं नाही.

"विचारून नाही राहिली," ती म्हणाली. "सांगून राहिली."