धाकट्याचा निळा ठिपका

दुपारी चारला धाकटा टेम्पो घेऊन येणार होता. मागच्या खोलीतलं खेळाचं यंत्र त्याला हवं होतं. "आतून मेलेलंच आहे ते, दादा. नुसतं कपाट. एका ओळखीच्याला दुकानात शोभेला ठेवायचंय," असं तो फोनवर म्हणाला आणि मी हो म्हणून बसलो.

आम्हा दोघा भावांच्या खेळघरातलं हे पहिलं यंत्र. नाणं टाकायचं, दांडा धरायचा आणि पडद्यावरचं विमान वाचवायचं. लाकूड मी कापलेलं, दांडे मी बसवलेले. वीज सगळी धाकट्याची. एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही, हे ठरलेलं. खेळघर चालायचं ते याच्यावर, बाकीची दोन यंत्रं नुसती सोबतीला. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने यंत्राच्या पाठीमागून डोकं बाहेर काढलं. "दादा, बोर्ड जळला. गेलं हे." महिन्याभरात मी खेळघराला कुलूप लावलं आणि एका गोदामाच्या फाटकावर राखणदार म्हणून उभा राहिलो. धाकट्याला लगेच मोठ्या दुकानात नोकरी मिळाली. निदान त्याचं तरी बरं झालं, असं मला वाटलं होतं.

"आजोबा, देण्याआधी मी एकदा मोजू?" नातीने विचारलं. सारखं काहीतरी कुरतडत असते म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो. व्होल्ट मोजायचं मीटर धरायला मीच तिला शिकवलं होतं, घरातल्या संपलेल्या सेलवर. मी स्वतः ते गोदामावरच्या रात्रपाळीत पुस्तकं वाचून शिकलो होतो.

"मेलेल्याचं काय मोजणार?"

"मेलंय हे कोणी मोजलं?"

"तुझ्या धाकट्या आजोबांनी."

"आणि तुम्ही?"

मी उठून पाठीमागची फळी काढली.

"पिक्चर ट्यूबच्या जवळपासही जायचं नाही. बंद असली तरी ती झटका साठवून ठेवते. आणि मोजताना एक हात खिशात, म्हणजे झटका छातीतून जात नाही."

"फ्रॉकला खिसा नाहीये."

"मग पाठीमागे."

आधी वायर पाहिली, मग फ्यूज काढून तपासला. दोन्ही ठीक. बटण दाबलं. पडदा उजळला, त्यावर वेडीवाकडी अक्षरं सांडली, चौकोन लुकलुकले आणि सगळं काळं झालं. पुन्हा उजळलं, पुन्हा काळं.

"आजोबा, हे मेलेलं नाही. झोपेत बडबडतंय!"

जळलेला बोर्ड बडबडत नाही असं नाही. पण आता मलाही मोजून बघावंसं वाटलं.

"बोर्डाला पाच व्होल्ट लागतात," मी म्हणालो. "ते बोर्डाच्या तोंडाशी मोज. टाकीत पाणी किती आहे ते नंतर बघू, आधी नळाला किती येतंय ते बघू."

"चार पूर्णांक दोन."

"आता टाकीशी मोज. त्या पत्र्याच्या डबीच्या तोंडाशी. तोच पॉवर सप्लाय."

"इथेही चार पूर्णांक दोन."

"म्हणजे?"

ती ओठ चावत राहिली. घाई करायची नसते अशा वेळी, मी थांबलो. "म्हणजे वाटेत गळत नाहीये," ती हळूच म्हणाली. "टाकीच कमी सोडतेय."

"शाब्बास. कमीजास्त करायला डबीवर एक बारका स्क्रू असतो. शोध."

"सापडला. याच्यावर निळं काहीतरी आहे."

ते नेलपॉलिश होतं. आमचीच पद्धत. ज्याने काही फिरवलं त्याने त्यावर ठिपका द्यायचा. म्हणजे कोणी हात लावला ते कळतं आणि धक्क्याने स्क्रू हलत नाही. माझा लाल, धाकट्याचा निळा.

"दोन ठिपके आहेत, दोन्ही निळे," ती भिंग लावून म्हणाली. "एक जुना, फुटलेला. त्याचं अर्धं डबीवर आहे आणि अर्धं स्क्रूबरोबर फिरून खाली गेलंय. वर दुसरा. तो अख्खा आहे."

मी भिंग मागून घेतलं. तिचं बरोबर होतं. पाचावर पक्का केलेला स्क्रू कोणीतरी खाली फिरवला होता आणि तिथे पुन्हा पक्का केला होता. खोटं करतानाही धाकट्याचा हात सवयीने बाटलीकडे गेला होता.

"फिरव," मी म्हणालो. "मुंगीच्या पावलाने. पाचाच्या जरा पुढे थांब, जास्त गेलं तर खरंच जळेल."

ठिपका तडकला. साडेचार. चार पूर्णांक आठ. पाच. पडदा एकदा थरथरला आणि विमान आलं, त्याच्या त्या चिरक्या सुरावटीसकट. खारूताई टाळ्या पिटत नाचायला लागली. मी मात्र खाली बसलो. यंत्र जळल्याचं दुःख मी एकदा सोसलं होतं. ते जळलंच नव्हतं, हे सोसवेना.

फाटकाशी टेम्पो थांबला. ती सुरावट धाकट्याला बाहेरच ऐकू गेली असणार, कारण तो आत आला तो चपला न काढताच, आणि दारात खिळला.

"धाकटे आजोबा, नुसता स्क्रू होता!" पोरीने आनंदाने सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंग पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही.

"मला सुटायचं होतं, दादा," तो शेवटी म्हणाला. "ती नोकरी आली होती. तू मला सोडलं नसतंस."

"विचारलं होतंस?"

"तुझ्या तोंडावर नाही म्हणता येत नव्हतं."

"म्हणून यंत्राच्या पाठीमागून म्हणालास. मला वाटायचं, तेव्हाच तुझ्यासारखं शिकलेलो असतो तर ते वाचवलं असतं. अकरा वर्षं वाटायचं. आणि आज ते न्यायला आलास, कोणी उघडून बघायच्या आत."

तो पाठ फिरवून बाहेर गेला. थोड्या वेळाने टेम्पो रिकामाच परतला.

आपल्या नेलपॉलिशची बाटली घेऊन खारूताई डबीशी वाकली. हसणं केव्हाच थांबलं होतं तिचं; सगळं कळलं होतं. "आजोबा, धाकट्या आजोबांचं निळं खरवडून काढू?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे. कोणी हात लावला ते कळायला हवं. तुझा ठिपका शेजारी दे."