डाव्या मनगटावरचा अंगारा

मनगटात सुई घुसली तरी माणूस हसतच होता! चेन्नईच्या टी. नगरमधल्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये एकच जयजयकार झाला.

"पाहिलंत?" व्यासपीठावरून वेदनाहरस्वामी गरजले. "गोळी वेदनेला झोपवते, आम्ही तिला रजा देतो. कायमची, भरपगारी!"

सगळे हसले. क्षमाला हसू येईना. शेजारी तिच्या नवऱ्याचे मामा, व्यासराज, बसले होते. जिना चढताना त्यांच्या छातीत कळ यायची. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी तातडीनं करायला सांगितली होती. पण स्वामींनी छातीवर हात ठेवला आणि मामांनी तपासणी रद्द केली, गोळ्याही सोडल्या. आज ते तसं चारचौघांत सांगणार होते.

"मामा, निदान तपासणी तरी..."

"वेंडाम, क्षमा! नको म्हटलं ना? दुखतच नाही, तर तपासायचं काय?"

तिनं डावं मनगट चोळलं. दारातच शिष्यांनी प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर चिकट, ओला अंगारा थापला होता. मग लांबलचक भजन. आता ती जागा लाकडासारखी बधिर झाली होती, आणि ही बधिरता तिच्या ओळखीची होती. अण्णा नगरच्या एका रुग्णालयात वेदनेवरच्या संशोधनासाठी ती स्वयंसेवक म्हणून गेली होती. तिथेही मलम लावून बराच वेळ थांबवत, मग हातावर गरम पट्टी टेकवून विचारत, किती दुखतंय?

स्वामींनी मामांना हाक मारली. मामा उठण्याआधीच ती ताडताड व्यासपीठावर चढली.

"आधी मला टोचा. नवी सुई घ्या." तिनं उजवा हात पुढे केला.

"डावा, अम्मा. डावी बाजू हृदयाची."

"तुमची कृपा अर्ध्याच अंगावर असते का?"

शिष्य पुढे सरकले. पण पुढच्या रांगेतून कुणी ओरडलं, "टोचा की, स्वामी!" स्वामींनी सुई टेकवली मात्र, क्षमा कळवळली. मनगटावर रक्ताचा थेंब आला. मग तिनं तीच सुई स्वतः डाव्या मनगटात खुपसली. काहीच नाही.

"अंगाऱ्यात बधिर करणारं मलम आहे," ती म्हणाली. "भजन असतं ते मलम मुरण्यासाठी!"

"मग माझी छाती?" मामांनी खालून विचारलं.

"मामा, रुग्णालयातल्या त्या संशोधनात मला एका मलमानं खूप बरं वाटलं. नंतर तिथल्या डॉक्टर नित्या म्हणाल्या, त्यात औषधच नव्हतं. विश्वासानं वेदना कमी वाटते, हे खरंय. पण रक्तवाहिनीत अडथळा असेल, तर तो विश्वासानं निघत नाही."

मामांनी छातीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "मघाशी हॉलचा जिना चढतानाही दुखलं होतं, क्षमा. स्वामींचा अपमान होईल म्हणून बोललो नाही."

त्या संध्याकाळीच त्यांना रुग्णालयात नेलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. मामा वाचले.

वेदना ही शरीरानं दिलेली सूचना असते. ती ऐकायची, तिचं कारण शोधायचं. खरा संशोधक प्रयोगाआधी तुमची संमती घेतो, धोका सांगतो, 'थांबा' म्हटलं की थांबतो. जो प्रश्नच विचारू देत नाही, त्याच्या हाती आपलं शरीर देऊ नका.