उलटा पिस्टन

कामिनीनं पिस्टन उलटा बसवला.

व्हरांड्यात जुनं वर्तमानपत्र अंथरून ती मोटरसायकलच्या इंजिनापुढं फतकल मारून बसली होती. खुर्चीतल्या संघपालांनी ते पाहिलं आणि त्यांचा डावा हात आपसूक उचलला गेला. शब्द मात्र आला नाही.

आयटीआयमध्ये त्यांनी जन्मभर पोरांना इंजिन शिकवलं होतं. उन्हाळ्यात मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, त्याबरोबर बोलणंही. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण ओठांपर्यंत येता येता विरून जायचं. बोलणं शिकवायला येणारी बाई आंब्याचं, गाईचं चित्र दाखवी, की ते भिंतीकडं तोंड फिरवीत. मग एका रविवारी त्यांच्या सुनेनं, कामिनीनं, त्यांच्याच बंद पडलेल्या गाडीचं इंजिन उतरवून घेतलं आणि समोर आणून ठेवलं. "मामाजी, हे मले शिकवा."

आता ती त्या उलट्या पिस्टनवर सिलिंडर सरकवू लागली.

"उ..." संघपालांच्या गळ्याची शीर ताठली. "उलटा!"

कामिनीचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"काहून? सारखाच तं दिसून राहिला."

"बाण... बाण पुढं. धूर जाते... तिकडं."

"अन् नाही केला तं?"

त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डावी मूठ हळूहळू खाली आणली. "ओढते. हवा... पेट्रोल." मूठ वर गेली. "दाबते." ती त्यांनी तिथंच घट्ट आवळली. "ठिणगी... भडका!" आणि मूठ मांडीवर आदळली. "इथंच... जोर. मंग धूर... भाईर." दम घेऊन ते पुढं सरसावले. "उलटा असला तं... वॉल्व्ह ठोकते. सत्यानाश!"

वर्गात पोरांवर ओरडताना यायचा, तसाच तो शब्द अख्खा, खणखणीत बाहेर पडला. रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवाल्यानंही वळून पाहिलं.

कामिनीनं ग्रीसच्या हातानंच डोळे पुसले. गालावर काळा फराटा उमटला. तिनं पिस्टन काढला, फिरवला.

तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला तो बाण संघपालांना नीट दिसला. त्यावर खडूची ठसठशीत पांढरी रेघ होती. सकाळी, त्यांच्यादेखत, तिनंच ओढलेली.

ते त्या रेघेकडं बघत राहिले. काल तिची रिंग चुकली होती. परवा चेन. पोरगी जरा मंदच आहे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

"उद्या..." ते म्हणाले.

"उद्या काय, मामाजी?"

तिनं घाई केली नाही. शब्द सापडेपर्यंत ती पाना हातात धरून बसून राहिली.

"उद्या बी... चुकजो वं."