घरासाठी बॅटरी

दुकानदाराने काउंटरवर बॅटरी ठेवली, तसे सुकदेवने दोन्ही हात पाठीमागे नेले. हातांवर जाळ्याच्या दोऱ्याने कापलेल्या रेघा होत्या, जुन्या पांढऱ्या आणि एक ताजी लाल. शेजारी त्याचे याही उभे होते. लेकीचे सासरे, रुपचंद. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, बोलायला कमी आणि बघायला जास्त.

"कशासाठी पाहिजे, आबा?" दुकानदाराने विचारलं.

उत्तर सोपं होतं, नावेसाठी. तापीतल्या त्याच्या लहानशा नावेवर दोन दिवे होते, आत झिरपणारं पाणी उपसायला एक छोटी मोटर होती, आणि ते सगळं चालवायला त्याने ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडली होती. ती मधेच मान टाकायची. परवा पहाटे धुक्यात दिवे विझले, मोटर बंद पडली, आणि त्याची बायको धुरपदाबाई पाण्यात पाय घालून बसून डब्याने पाणी बाहेर फेकत राहिली. समोरून कुणाची नाव आली असती तर त्यांना हे दोघं दिसलेही नसते. काठाला लागल्यावर ती लुगडं पिळत एवढंच म्हणाली, "आते चांगली लई ये." म्हणून तो चांगली बॅटरी घ्यायला धुळ्याला आला होता.

"घरासाठी," सुकदेव म्हणाला.

आता याहीसमोर दुसरं काय सांगणार बिचारा? लेक दिपमालाचं लग्न जमत होतं तेव्हा मध्यस्थाने त्याच्या कानात सांगितलं होतं, माणसं शहरात राहिलेली, मासे धरणं त्यांच्या आजानेच सोडलं, तेव्हा नदीचं नाव काढू नका, शेती आहे म्हणा. पाहुणे घर बघायला आले त्या दिवशी जाळी शेजारच्या गोठ्यात कडब्याखाली गेली, नाव पलीकडच्या काठाला गेली, आणि सुकदेवने ओट्यावर उभं राहून भावकीच्या वावराकडे हात केला.

"ते बठ्ठं आपलंच शे."

पोरीचं भलं झालं म्हणायचं. पण खोटं एकदा बोलून भागत नाही, त्याला दर सणाला जेवू घालावं लागतं. दिवाळीला रुपचंद पिकाची चौकशी करायचे आणि सुकदेव नसलेल्या कपाशीवर न पडलेल्या बोंडअळीची तक्रार करायचा. लेकीकडे जाताना तो धुळ्याच्या स्टँडबाहेर भरताची वांगी घ्यायचा आणि घरची म्हणून द्यायचा. आजही घेतली होती. पिशवी कोपराला अडकवून वळला, तर समोर रुपचंद. सुनेने त्याचा फोन आल्याचं सांगितलं म्हणून ते घ्यायलाच आले होते. काय काम काढलं, बॅटरी का, चला, आपल्या ओळखीचं दुकान आहे, असं म्हणत त्यांनी त्याला इथे आणून उभं केलं होतं.

"आत्ता कुठली वापरता?" दुकानदार विचारत होता.

"ट्रॅक्टरची."

"अहो, ती इंजिनाला धक्का द्यायला असते. एकदम जोर लावते आणि मोकळी होते. तुम्हाला हळूहळू देणारी लागेल, रोज उतरेल, रोज भरेल अशी. घरात पंखे किती?"

घरात एक पंखा होता, तोही घरघर करणारा. "तीन," सुकदेव म्हणाला.

"टीव्ही?"

"शे. म्हणजे, आहे."

"फ्रिज?"

सुकदेवने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. रुपचंद भिंतीवरच्या देवाच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"मग ही घ्या, ट्यूब्युलर." दुकानदाराने मागच्या उंच, जाडजूड बॅटरीवर थाप मारली. "कोपऱ्यात उभी करून द्यायची, मधून मधून पाणी बघायचं, बास. फक्त हलवायची नाही."

सुकदेवने त्या उंच बॅटरीकडे बघितलं. नावेत ती उभी राहिली तर धुरपदाबाईच्या गुडघ्याला लागेल. पहिल्याच लाटेला कलंडेल, तिच्यातलं आम्लाचं पाणी जाळ्यावर सांडेल, बायकोच्या पायांवर सांडेल. ही चालणार नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. तरी तोंड उघडेना. बायकोचे पाय एका बाजूला आणि लेकीची इज्जत दुसऱ्या बाजूला, असं त्याने स्वतःच मांडून ठेवलं होतं.

"समजा..." तो म्हणाला, "समजा हलली, तर?"

दुकानदार हसला. "आबा, घर हलतं का तुमचं?"

दुकानातली आणखी दोन गिऱ्हाइकं हसली. सुकदेवही हसला. हसताना त्याचे कान तापले आणि पाठीमागे एका हाताने दुसरा हात घट्ट धरला गेला.

"ठीक शे," तो म्हणाला. "द्या हीच."

"थांब रे," रुपचंद कॅलेंडरवरची नजर न काढता म्हणाले. "ती बुटकी दाखव. जेलची, सोलरला लावतात ती. पाणी घालावं लागत नाही आणि आडवी झाली तरी सांडत नाही."

"काका, ती महाग पडेल. घराला कशाला उगीच?"

"घराला नको," रुपचंद म्हणाले. "नावेला पाहिजे."

दुकानदाराला नाव काय नि घर काय, दोन्ही सारखंच. तो आतून बुटकी बॅटरी घेऊन आला, मीटर लावून दाखवला, पट्ट्याने बांधून कशी ठेवायची ते सांगितलं. सुकदेवने सगळ्याला हूं हूं केलं. त्यातलं निम्मं त्याच्या कानात शिरलं नाही.

रिक्षात बॅटरी दोघांच्या पायांमध्ये होती. पाचकंदील चौकात गर्दी होती, रिक्षा मुंगीच्या पावलाने चालली होती.

"तुम्हाला कधी समजलं?" सुकदेवने शेवटी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. आपण बाहेर ओट्यावर होतो आणि आमची ही, प्रमिला, आत मधल्या घरात पोरीशी बोलत होती. बायका विचारतात तसं विचारलं तिने, काय काय येतं बाई तुला. पोरगी म्हणाली, स्वयंपाक येतो, शिवण येतं, नाव वल्हवता येते." रुपचंद जरासे हसले. "मग म्हणाली, आज अप्पांनी नाव पलीकडे नेली आहे, नाहीतर दाखवली असती. प्रमिलाने तिथेच मनात होकार देऊन टाकला."

कडब्याखाली जाळी दाबताना आलेला घाम सुकदेवला आठवला.

"मग इतके दिवस तुम्ही..."

"तुम्ही झाकलं, आम्ही कसं उघडायचं? वाटलं, आज ना उद्या सांगाल. आज दुकानातही वाट बघितली. पण तुम्ही ती उंच बॅटरी घ्यायला निघालात. येहीनबाई बसतात ना नावेत?"

सुकदेवने मान खाली घातली. पिशवीतून वांग्यांची हिरवी देठं बाहेर डोकावत होती.

"आणि ही?" त्याने पिशवीकडे बघत विचारलं.

रुपचंद रस्त्याकडे बघू लागले. हे त्यांना बोलायचं नव्हतं, असं दिसलं. "वांगी चांगली असतात," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सूनबाई भरीत वाढते ना, तेव्हा दर वेळी सांगते. आमच्या वावरातली आहेत म्हणून."

सुकदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नावेचं कळलं याची लाज केव्हाच मागे पडली होती. सगळं घर ताटावर बसलंय, सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, आणि त्याची लेक खाली मान घालून भरीत वाढते आहे, बापाचं खोटं आपल्या तोंडाने पुन्हा बोलते आहे. आणि जेवणारे माना डोलावत आहेत. तिला नावेची कधी लाज वाटली नव्हती. जी काही लाज तिच्या वाट्याला आली, ती बापाने दर सणाला पिशवीत घालून तिच्या हातात दिली होती.

घर आलं. बॅटरी दोघांनी मिळून ओट्यावर ठेवली. एक कडी सुकदेवने धरली, एक रुपचंदांनी. दिपमाला दारात आली, तिने वाकून पाया पडून पिशवी घेतली. आतून प्रमिलाबाई बघत होत्या. जावई गोपाल जेवायला घरी आलेला होता, तोही उठून उभा राहिला.

"वांगी लयनात का, अप्पा?" ती म्हणाली आणि सवयीने सासूकडे वळली. "आई, आमच्या वावरातली..."

"नही," सुकदेव म्हणाला.

ती थांबली.

"स्टँडबाहेरनी शेतस. ईकत लिधी." मग त्याने दर वेळचंही सांगून टाकलं. "दर सावा ईकतच लेस मी."

प्रमिलाबाईंनी पदर सारखा केला. दिपमालाने पिशवीत बघितलं, मग ओट्यावरच्या बॅटरीकडे, मग सासऱ्यांकडे. सुकदेवचे हात पुन्हा पाठीमागे जायला निघाले होते; त्याने ते पुढेच ठेवले, तिला दिसतील असे.

तिने पिशवी खाली ठेवली. मग आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, या घरात कधी न विचारलेलं तिने विचारलं.

"अप्पा, आपली नाव आजून गळस का?"

"गळस," सुकदेव म्हणाला. "थोडीशी."